काकडीच्या वेलाचं गंधक

प्राजक्ता होस्टेलची खोली सोडून गेली, आणि तेही हसत हसत.

"रागावू नको वं प्रतीक्षा. पन मले रोज माचिसच्या डब्बीत झोपल्यावानी वाटून राहिलं. एखाद्या दिवशी दोघीबी पेटू आपन."

दारातल्या मुली खिदळल्या. प्रतीक्षाही हसली. तिने प्राजक्ताची गादी वरच्या मजल्यापर्यंत नेऊन दिली. तिच्या घरून, अकोल्याहून आलेला चिवड्याचा डबा फळीवर राहिला होता, तोही पोचवला. मग खाली येऊन ती समोरच्या उघड्या पलंगाकडे बघत राहिली. गादी गेली की पलंग किती हाडकुळा दिसतो.

वास मलमाचा होता. उन्हाळ्यापासून प्रतीक्षाच्या दोन्ही गालांवर मुरुमं उठली होती. आधी दाण्याएवढी, मग बोराएवढी, हात लावला तर ठणकणारी. अमरावतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ती होती. गाडगेनगरातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पिवळसर मलम दिलं. "यात गंधक आहे. वास येईल. थोडा वेळ ठेवायचं, धुवून टाकायचं. आणि घाई करायची नाही," त्या म्हणाल्या होत्या. प्रतीक्षाने घाई केली नाही. मुरुमं हळूहळू सुकायला लागली होती, खळ्यावर पसरलेल्या मिरचीसारखी आतल्या आत आक्रसत चालली होती. पण वास मात्र उशीत शिरला, ओढणीत शिरला, आणि तिच्या शेजारचा बाक रिकामा राहू लागला.

अमरावतीत स्कूटीवरच्या साऱ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधतात. वर्गात आल्यावर त्या सोडत. ही सोडत नसे.

प्राजक्ता गेली त्याच संध्याकाळी तिने आईला फोन लावला. रडायचं नव्हतं म्हणून मलमाचं बोलली.

"गंधक?" पार्बताबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला. "अवं माय माही, दवाखान्यात जाऊन गंधक आनलं तुनं? आपल्या घरी का कमी हाये? काकडीच्या पानावर पांढरी भुरी येते तवा मी काय टाकतो? सकाळच्या दवात फडक्याची पुरचुंडी हालवली का दोन दिवसांत पान कसं लखलखते, तुनं पाह्यलं नाही का?"

"थे पानाचं झालं, आई."

"पान काय अन् गाल काय! दोन्ही कवळेच. पाठवतो मी. दह्यात कालवून लावजो, रातभर ठेवजो."

दर्यापूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावात त्यांचा मळा होता. काकडी, वाल, कारली, बांधाला झेंडू. वडील, जानराव, माल घेऊन बाजाराला जात. वेल सांभाळायचे ते पार्बताबाईंनी. वेलाशी बोलता बोलता त्या ओव्या जोडत, आणि लेक अमरावतीला गेल्यापासून साऱ्या ओव्या एकाच रस्त्याने जात.

*काकडीचा येल गेला मांडवाच्या पार*
*लेक माही शयरात, सुनं लागे दार*

दुसऱ्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरजवळ डबा आला. त्यांच्या गावात असंच चालतं: आईने फाट्यावर डबा द्यायचा, लेकीने स्टँडवर घ्यायचा. भाकरी, झुणका, वालाची भाजी, आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेली पिवळीधमक पुरचुंडी. गाठ आईच्या हाताची होती. दातांनी ओढून घट्ट केलेली.

खोलीत विचारायला कोणी नव्हतं. प्राजक्ता असती तर म्हणाली असती, "येडी का तू? फवारा मारते का तोंडावर?" कोणी तसं म्हणालं नाही. प्रतीक्षाने गाठ सोडली. आईने इतक्या लांबून पाठवलंय, एवढंच तिच्या मनात होतं. दह्यात कालवून तिने ते दोन्ही गालांवर थापलं आणि आईच्या कुशीत शिरावं तशी झोपली.

सकाळी आरशात तिचा चेहरा नव्हता. गाल सुजून लाल झाले होते, डोळ्यांखाली पाणी धरलं होतं, आणि हसायला गेलं की कातडी चरचरत फाटायची. मग साल सुटली. साल सुटली तिथे काळपट डाग धरले.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "मलमात शंभरात चारपाच भाग गंधक असतं. हे शेतातलं, जवळपास सगळंच गंधक. रात्रभर? कोणी सांगितलं तुला?"

"दुकानातून आनलं मी. माह्याच मनानं," प्रतीक्षा म्हणाली.

डाग जातील, वेळ लागेल, उन्हात फिरू नको, असं सांगून त्यांनी साधं गार मलम दिलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आईचं नाव तिने त्या टेबलापर्यंतही येऊ दिलं नाही. मग आईपर्यंत ही गोष्ट जाऊ देणं तर लांबच.

त्यानंतरचे फोन ती व्हिडिओशिवायच घेई. म्हणे, "कॅमेरा बिघडला." शनिवार आला की म्हणे, "प्रॅक्टिकल हाये."

"गंधक लावतं ना?"

"लावतो."

"फरक?"

"पडला. मस्त पडला."

पलीकडे आईचा श्वास कसा फुलून यायचा! तो ऐकायला म्हणून ती पुन्हा म्हणायची, "लई फरक पडला, आई." फोन ठेवला की तिन्हीसांजेला कॉलनीतल्या कुकरच्या शिट्ट्या एकामागून एक ऐकू येत. प्रत्येक शिट्टीमागे एक घर. ती गालाला गार मलम लावून भिंतीकडे तोंड करून पडून राही.

भुलाबाईचे दिवस होते. गावात महिनाभर रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. पार्बताबाईंनी एकुलत्या लेकीसाठी दरवर्षी मातीची भुलाबाई बसवली होती. यंदा लेकीवाचून बसवली. "मी एकटीच म्हनतो गानं अन् मीच खाऊ ओळखतो," त्या फोनवर म्हणाल्या. "माह्यापासून काय लपते? मीच केला असते ना." आणि हसल्या. 

"कोजागिरीले तरी येशीन?"

"पायतो."

"शयरातली झाली वं तू. आमची लाज वाटते का?"

प्रतीक्षाचा हात गालावरच्या डागाकडे गेला. यावर खरं उत्तर एकच होतं, आणि तेच देता येत नव्हतं.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आईचाच फोन आला. मागे पोरींचा गलका होता, टाळ्या होत्या.

"काकूच्या घरी भुलाबाई चालू हाये. इथं आंगनातूनच आयक गानं. अन् आयक, परवा आपल्या आचलचं साक्षगंध हाये ना? तिच्या कपाळावर दोन-चार फोड आले, रडून राहिली होती पोरगी. मंग म्या तिले आपली पुडी देल्ली. म्हनलं, माह्या प्रतीक्षाले लई फरक पडला. आत्ताच कालवून घेतलं तिनं, लावून बसन."

प्रतीक्षा उठून बसली. आचल चुलतबहीण, वच्छलाकाकूची लेक, साखरपुड्यावर आलेली; भिंतीला भिंत लागून घर. लहानपणी दोघी एकाच ताटात जेवलेल्या.

"आई, तिले धुवाले लाव."

"काहून वं?"

"धुवाले लाव म्हनतो ना! त्यानं भाजते."

"काय भाजते? तुले नाही भाजलं ते?" पार्बताबाई हसत होत्या. "तिच्या सासरचे येतीन तं तिचंच तोंड बरं दिसन म्हनून जळते काय?"

"आई!"

"आता पोरींसमोर कसं सांगू? वच्छला म्हनन, देल्लं बी जाऊबाईनं अन् घेतलं बी जाऊबाईनं. राहू दे. सकाळी..."

सकाळ. प्रतीक्षाला ती सकाळ माहीत होती. तिने एकदा बंद दाराकडे पाहिलं, जणू तिथून कोणी येऊन तिच्यासाठी बोलणार होतं. मग आता खोलीतही न सुटणारा स्कार्फ काढला, आणि व्हिडिओचं बटण दाबलं.

पडद्यावर आधी आईचा कान आला. मग आईने फोन समोर धरला. कपाळावरचं मोठं कुंकू, पदर, हसू. हसू तसंच राहिलं, नुसते डोळे बदलले.

"हे काय वं."

"गंधक, आई."

 पडदा एकदम हलला. प्रतीक्षाला अंगण दिसलं, ओसरीचा खांब, धुळीत पडणारी आईची अनवाणी पावलं, पातळाचा काठ, मग आभाळ, मग पुन्हा पावलं. गाणं जवळ येत गेलं आणि मध्येच तुटलं.

"धू! अवं उठ, धू पयले!"

"काय झालं, मोठीआई?" हा आचलचा आवाज.

"अवं बाई, असं काय करता?" ही वच्छलाकाकू. "पोरी भेल्या ना!"

"भिऊ दे! पाह्य, वच्छला. पाह्य माह्या पोरीचं तोंड. म्या केलं हे. माह्या हातानं बांधून पाठवलं म्या!"

आणि फोन सर्वांसमोर फिरला. महिनाभर जो चेहरा प्रतीक्षाने अमरावतीच्या रस्त्यांपासून, वर्गापासून, डब्याच्या ड्रायव्हरपासूनही लपवला होता, तो काकूच्या ओसरीत एकेका पोरीसमोरून चालला होता. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच थांबले होते. तिला फोन उपडा घालावासा वाटला. पण आचलच्या कपाळावर पिवळा लेप ओला दिसत होता. तिने फोन धरून ठेवला.

आचल मोरीकडे पळाली. पाण्याचा तांब्या आपटल्याचा आवाज आला. मग ओलं तोंड घेऊन ती फोनजवळ आली. कपाळ जरा लालसर, बाकी धड.

"लई दुखलं काय वं?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. प्रतीक्षाला हसून "नाही" म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "हो. लई."

त्यानंतर पडदा काळा झाला. फोन बंद झाला नव्हता. आईने तो तळहातात मिटून धरला होता. बांगड्या ऐकू येत होत्या, चाल ऐकू येत होती. मागे कोणी गाणं पुन्हा धरलं नाही. घराचं दार लोटल्याचं ऐकू आलं, खाली बसताना आईच्या तोंडून निघालेला हुस्स आवाजही.

"लावलं त्या राती," काळ्या पडद्यातून आई म्हणाली, "तुह्यापाशी कोन होतं?"

"कोनीच नाही."

"अन् मंग? इतके दिवस?"

"कोनीच नाही, आई."

पार्बताबाईंच्या गळ्यातून ओवीचा सूर निघावा तसा काहीतरी आवाज निघाला, पण शब्द जुळले नाहीत. तो तसाच लांबत गेला आणि थांबला.  इकडे खोलीत, तिकडे घरात, दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसून राहिल्या. फोन कोणीच ठेवेना.

"पयली गाडी कितीची हाये दर्यापूरची?" शेवटी प्रतीक्षाने विचारलं.

"तू येशीन, अशी?"

"अशीच येतो."