ढेंग्याचा दोर

माळ्यावरच्या खोक्यात नातीला माझी जुनी वही सापडली. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’.

“आजोबा, हा कसला अभ्यास?”

“ढेंग्याचा,” म्हणालो आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

ढेंग्या म्हणजे आमचा दोन पायांवर चालणारा यंत्रमानव. उंचीला नातीएवढा, डोकं नाही, कमरेवर नुसता वायरींचा गुंता. प्रयोगशाळेत माणसं तीन: आमच्या प्रमुख, त्यांना सगळे बाई म्हणायचे, सुटे भाग घडवणारे मिस्त्री, आणि नुकताच चिकटलेला मी. बाईंचा नियम एकच. ढेंग्या चालो की पडो, कशालाही हात लावण्याआधी वहीत लिहायचं. डोळ्यांनी पाहिलं ते डावीकडे, डोक्यात आलं ते उजवीकडे. सरमिसळ झाली की पान पुन्हा लिहा.

पडून मोडू नये म्हणून ढेंग्याच्या पाठीला छतावरच्या पट्टीवरून सरकणारा दोर बांधलेला असे. दोर असला की स्वारी झोकात चालायची. सोडला की तोंडावर आपटायची. आणि शुक्रवारी संस्थेचे संचालक येणार होते. दारापासून खिडकीपर्यंत तो बिनदोराचा चालला तर प्रयोगशाळेची खोली आमची, नाहीतर सोमवारी सामान बाहेर.

दोष डाव्या घोट्यातल्या मोटरचा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तीनदा मोटर बदलली.

“साहेब,” मिस्त्री म्हणाले, “आता तिथे माझा घोटा बसवायचा तेवढा राहिलाय.”

मंगळवारी बाईंनी वही पुढ्यात ओढली. “पडला ती पानं किती वेळा वाचलीस?”

“पाठ आहेत, बाई.”

“आणि चालला ती?”

ती मी उघडलीच नव्हती. नीट चालला त्यात वाचायचं काय?

बाई फक्त डावी बाजू वाचू लागल्या. “दहा पावलं. दोर ताणलेला. अकरा पावलं. दोर ताणलेला. बारा पावलं. दोर ताणलेला. अक्षर कुणाचं रे हे?”

माझंच होतं. महिनाभर मीच लिहीत होतो, आणि नजर मात्र घोट्यावर! ढेंग्या पुढे कलायचा, दोर त्याला मागे ओढायचा, तोल जमायचा. आम्ही त्याला चालायला नव्हे, दोरावर रेलायला शिकवलं होतं.

दोर काढला. मिस्त्रींनी घरून जुनी गादी आणली. दोन दिवस ढेंग्या तिच्यावर लोळला. पडला की पान, पानामागून एखादा बारीकसा बदल, की पुन्हा उभा. गुरुवारी संध्याकाळी सहा पावलं झाली. खिडकी बारा पावलांवर होती.

शुक्रवारी संचालक दाराशी उभे राहिले. ढेंग्या निघाला. सहा. सात. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. दहा. अकरा. खिडकी आली, आणि ढेंग्या खाडकन भिंतीवर आदळला. मागे डुलला, पुन्हा आदळला. काही केल्या थांबेचना. मिस्त्रींनी धावत जाऊन बटण दाबलं.

“याला थांबता येत नाही?” संचालकांनी विचारलं.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. थांबवायचं काम आधी दोर करायचा, मग गादी. थांबायला आम्ही शिकवलंच नव्हतं!

“सोमवारपासून शिकवतो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “खोली असली तर.”

संचालक मोठ्याने हसले. खोली राहिली.

आता ती खोली नाही, बाईही नाहीत. नातीने त्या शुक्रवारचं पान उघडलं. बाईंच्या अक्षरात डावीकडे होतं: ‘खिडकीपर्यंत पोचला. थांबला नाही.’ उजवीकडची बाजू कोरी.

“त्यांना काहीच वाटलं नाही?”

“काय ठाऊक. चष्मा मात्र बराच वेळ पुसत होत्या.”

“मग ते डावीकडे लिहायला हवं,” ती म्हणाली. “दिसलं ना तुम्हाला?”

मी तिच्या हातात पेन्सिल दिली.