नऊ नंबरच्या पेटीतलं एक मत

मत गुप्त असतं असं फक्त कायदा म्हणतो. आमच्या ला फार्ग गावाच्या नऊ नंबरच्या पेटीत जेमतेम सव्वाशे मतं, आणि निकाल रेडिओवर पेटीवार वाचतात. दर वेळी तेच: बाकी सगळी लाल पक्षाला, हिरव्या पक्षाला एक. ते एक माझ्या बापाचं, थिओफिलस मास्तरांचं. रमच्या दुकानात लोक त्यांना छेडायचे, "काय मास्तर, यंदा तरी सोबत मिळाली का?"

"एकटा असलो तरी मोजावं लागतंच ना तुम्हाला!" बाबा म्हणायचे, आणि सगळे हसायचे. पंचवीस वर्षं हे असंच चाललं.

या खेपेला पंतप्रधानांनी मुदतीच्या दीड वर्ष आधीच संसद विसर्जित केली आणि तीन आठवड्यांत मतदान ठेवलं. बाबा अंथरुणाला खिळलेले. बोटांवर दिवस मोजून म्हणाले, "मर्लीन, एवढ्या घाईत नाही गं जमायचं मला." मतदानाला चार दिवस उरले असताना गेले.

दफनाच्या दुसऱ्याच दिवशी लाल पक्षाचा ट्रक आला. वरून आमचे खासदार प्रॉस्पर ओरडले, "यंदा नऊ नंबरची पेटी निखळ लाल झाली पाहिजे!" शर्ट वाटले. दवाखान्यातलं झाडलोटीचं माझं काम त्यांनीच लावून दिलेलं. मी शर्ट घातला आणि ट्रकमागे नाचलेसुद्धा. लोक म्हणाले, बापाची माती अजून ओली आहे आणि ही बघा. म्हणेनात का. शेजारच्या आयोनाने मात्र शर्ट घेतला नाही. ती शाळेत स्वयंपाक करायची. शेवटचे सहा महिने बाबांना सूप तिनेच भरवलं होतं.

"मास्तरांसाठी काळं घातलंय," ती म्हणाली. "नऊ दिवस उतरवायची नाही."

मतदानाला गेले ती लालवर खूण करायची ठरवूनच. पडद्याआड हात हिरव्यावर गेला. शौर्यबिर्य काही नव्हतं. एक हिरवं दर वेळी असतंच, यंदाही असेल, कोण बघतंय, एवढंच मनात आलं. सगळं गाव यंदा शून्याची वाट बघतंय, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

संध्याकाळी रमच्या दुकानात रेडिओ बोलला, "पेटी क्रमांक नऊ. लाल एकशे चौदा. हिरवं एक."

"मास्तर उठून आले की काय!" कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. मग एकेक मान आयोनाच्या काळ्या झग्याकडे वळली. माझ्या अंगात लाल शर्ट होता.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकघरात नवी बाई उभी होती. आयोना माझ्याकडे आली. "चल माझ्याबरोबर प्रॉस्परकडे. तुझं ऐकतील ते. देवाशपथ, मी लालच दिलं गं. वर गेल्यावर मास्तरांना काय तोंड दाखवणार कोण जाणे, पण दिलं."

गेले. प्रॉस्पर ओट्यावर बसून भाजलेला नीरफणस खात होते.

"साहेब, आयोना खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "ते मत तिचं नाही."

"तू भली पोर आहेस, मर्लीन. पण तिचं नाही तर कुणाचं?"

आयोना माझ्याकडे बघत होती. माझ्या एका शब्दाने तिचं काम परत आलं असतं आणि माझं गेलं असतं. बाबा तर हे भर रस्त्यात ओरडून सांगायचे.

"माहीत नाही, साहेब."

"मग हिचंच," ते म्हणाले आणि दुसरी फोड उचलली.

परतताना मला आयोनाकडे बघवेना. चढावर तिने माझा हात धरला.

"तू आलीस तरी. दुसरं कुणी आलं नसतं," ती म्हणाली. "अगदी बापावर गेलीस गं."