बासष्ट इंचांचा टब

बाथरूममध्ये तीन माणसं होती आणि एक टब होता. चौघांत शहाणा एकटा टब, कारण तोंड बंद ठेवून होता तो एकटाच.

कोरा करकरीत, पांढराशुभ्र, बाजूला दार असलेला टब. दोन भिंतींच्या मध्ये तो तिरपा अडकला होता. एक टोक जमिनीवर, दुसरं वीतभर वर, बिथरलेल्या घोड्यासारखं. प्लंबरने त्याला दाबून पाहिलं, ढकललं, गुडघा लावला, शिव्या घातल्या. शेवटी तो कमोडच्या झाकणावर बसला आणि घाम पुसत म्हणाला, “वहिनी, भिंत ते भिंत साठ इंच. टब बासष्ट. आता काय मी टबाला पोट आत घ्यायला सांगू?”

वहिनी म्हणजे या घरची सून. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शिंपी. त्याच्या गळ्यात टेप सदानकदा, झोपतानाही बायकोने सांगितल्यावर उतरायचा.

“माप कुणी दिलं होतं?” तिने विचारलं. उत्तर ठाऊक होतं, पण काही उत्तरं माणसाच्या तोंडून ऐकायचीच असतात.

“मी.”

“किती दिलंत?”

“बासष्ट.”

“आणि मोजलंत किती?”

शिंप्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. “साठ. पण अगं, दोन इंच सोडावे लागतात ना! शिवणीत जातात.”

प्लंबर एवढा हसला की झाकण कुरकुरलं. सून हसली नाही. नवऱ्याला त्या टबात कोंबून दार लावून घ्यावं, एवढी एकच इच्छा तिच्या मनात होती. तीस वर्षं या माणसाने साठ मोजलं की बासष्ट लिहिलं होतं. हात लिहून मोकळा व्हायचा, डोकं मागाहून यायचं. कापडात ते खपतं. भिंतीला कोण शिवण घालणार?

खरं तर राग आजचा नव्हताच. इथे आधी जो टब होता तो बिडाचा, सासऱ्यांनी बसवलेला. काठ गुडघ्याच्याही वर, मुलामा उडालेला, तळ शेवाळलेल्या पायरीसारखा बुळबुळीत. “हा टब एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल,” असं सून तीन वर्षं घसा फोडून सांगत होती. उत्तर ठरलेलं: “बाबांनी बसवलाय.” बाबा जाऊन बारा वर्षं झाली, टब काही जागचा हलला नाही. मग गेल्या महिन्यात सासू त्यातून बाहेर येताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा कुठे घराला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला. जुन्या टबावर गोधडी टाकून प्लंबरने घण घातले आणि तुकडे पोत्यात भरून नेले.

शनिवारी सासूला दवाखान्यातून सोडणार होते. आज गुरुवार. नणंदेने शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात खोली ठरवून ठेवली होती. “रविवारपर्यंत आईला घरी धड आंघोळ करता आली तर ठीक, नाहीतर मी तिला तिकडे नेणार. तिथे बायका आंघोळ घालतात.” हे ऐकल्यापासून सासूने तोंड भिंतीकडे केलं होतं. एवढंच म्हणाली होती, “परक्या बाईने मला आंघोळ घातली, की मी मेले असं समजा.”

“आपण भिंत कोरू,” शिंपी म्हणाला. “दोनच तर इंच.”

“कोरा की,” प्लंबर म्हणाला. “आत मैल्याचा पाइप आहे. फुटला की टबाचा प्रश्नच मिटला, घरच सोडून जाल.”

“कंपनीला परत देऊ.”

“केला फोन,” सून म्हणाली. “सांगितलेल्या मापाने बनवलेला माल परत घेत नाहीत. बाई हसत होती फोनवर.”

तेवढ्यात नणंदेचा फोन. “काय वहिनी, बसला का टब?”

“बसला की. तुमच्या दादाच्या डोक्यावर.”

तिने फोन आपटला, वळली, आणि तिच्या नडगीला टबाच्या दाराचा उंबरा लागला. कळ मस्तकात गेली. नडगी चोळता चोळता ती त्या उंबऱ्याकडे बघत राहिली.

“प्लंबरदादा, दार आहे, मग खाली हा उंबरा कशाला?”

“पाणी आत राहायला नको का?” प्लंबर म्हणाला. “सात इंच ठेवतातच.”

“आणि आई पाय किती उचलतात?”

प्लंबरने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने ठिबकणाऱ्या नळाकडे.

“अहो, तुम्हाला विचारतेय. भिंत मोजलीत, दार मोजलंत, गल्ली मोजलीत. गिऱ्हाइकाचं माप घेतलंत?”

शिंप्याने मान खाली घातली. गिऱ्हाईक उभं केल्याशिवाय कात्री उचलायची नाही, हे त्यानेच दुकानात पाटीवर लिहून ठेवलं होतं. सुनेने त्याच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि तशीच दवाखान्यात गेली.

सासू वॉकर धरून खिडकीपाशी उभी होती. टेप पाहून म्हणाली, “आत्ताच माप घेतेस? मेल्यावर घेतलं असतं तरी चाललं असतं.”

“आई, पाय उचला.”

“कोणता?”

“दुखरा. चांगल्याचं कौतुक नाही.”

म्हातारीने दात आवळले. वॉकर थरथरला. पाय वर आला, थांबला, खाली गेला. सून जमिनीवर बसून टेप धरून होती. साडेतीन इंच.

“परत.”

या वेळी तीन.

“कमी आलं ना?” सासूने विचारलं. “किती हवं होतं?”

“सात.”

“मग सात लिही.”

“शिंप्याच्या आईसारखं बोलू नका.”

म्हातारी खुदकन हसली. मग तिने सुनेचं मनगट धरलं. “सूनबाई, मला तो दारवाला टब नको, राजवाडाही नको. ओंजळभर पाणी असलं तरी चालेल. पण कडी आतून लावता आली पाहिजे.”

सुनेने सासूला स्टुलावर बसवलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं, उभं करून कोपराची उंची मोजली, आणि आकडे तळहातावर लिहून घेतले.

घरी येऊन ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. “टब बाहेर काढा. टब नको, उंबरा नको. सपाट फरशी, खडबडीत, पाणी कोपऱ्याकडे जाईल असा उतार. भिंतीला एक बैठक, एक दांडी.”

प्लंबरने हिशेब करावा तसे डोळे मिटले. “लवकर धरणारा माल आणतो. उद्या संध्याकाळी फरशी बसेल. पण रविवार सकाळच्या आत एक थेंब पाणी टाकायचं नाही.”

“पण एवढा चांगला टब...” शिंपी म्हणाला.

“तुम्ही झोपा त्यात. आता लिहा. बैठक जमिनीपासून सतरा. दांडी चौतीस. दोन इंच मिळवलेत तर हात कापीन.”

शिंप्याने फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलं. एकोणीस. बायकोने पाहिलं. त्याने अंगठ्याने ते पुसलं आणि सतरा लिहिलं. पुसताना कान लाल झाले होते. दोन दिवस तो प्लंबरला फरशा उचलून देत राहिला.

रविवारी सकाळी नणंद आली ती पर्समध्ये शुश्रूषागृहाचा फॉर्म घेऊनच. शनिवारीच घरी आलेली सासू वॉकर टेकत बाथरूमपाशी गेली. उंबरा नव्हता, पाय उचलायचा प्रश्नच नव्हता. आत गेली, दार लोटलं. कडी लागल्याचा आवाज आला.

“आत कुणीतरी हवं होतं,” नणंद कुजबुजली.

“कडीला विचारा,” सून म्हणाली. पण कान तिचाही दाराशीच होता.

पाणी वाहू लागलं. बराच वेळ नुसतं पाणी. मग धप्पकन काहीतरी पडलं. नणंदेने दारावर मूठ आपटली. “आई! आई!”

“साबण पडला!” आतून आवाज आला. “बाई नाही पडली. कोण उभं आहे गं बाहेर? सगळी फौजच का? कामधंदे नाहीत का तुम्हाला? चालत्या व्हा!”

नणंदेने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. फॉर्म बाहेर आला नाही. सून भिंतीला टेकून उभी राहिली, आतल्या शिव्या मोजत. शिव्या भरपूर होत्या. खुबा मोडण्याआधी होत्या तेवढ्या.

मग तिला अंगणातून नवऱ्याचा आवाज आला. टब तिथे उताणा पडला होता आणि शिंपी त्याला टेप लावून फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी बोलत होता.

“हो, हो, नवा कोरा! लांबी म्हणाल तर... चौसष्ट इंच धरा.”