तिसरा प्रयत्न

अंधांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम माझ्या दादाने बनवला आणि सगळ्यांना फुकट वाटला. कुठून कुठून मदतनीस जमले. मीही त्यातलाच, पण धाकटा असल्याने माझ्या वाट्याला कायम रटाळ कामं: तक्रारी निवडा, चाचण्या चालवा, जुनी माहिती बदला. वहिनी याला फुकटची हमाली म्हणायची आणि तिचं काही चूक नव्हतं.

एका कामाला मात्र दादाने कुणाला हात लावू दिला नाही. नवी आवृत्ती बाहेर पडायची तर तिच्यावर त्याची डिजिटल सही लागायची. सहीची किल्ली बोटाएवढ्या एका यंत्रात आणि यंत्राचा पासवर्ड दादाच्या डोक्यात. आणखी कुणाला तरी सांगून ठेव, म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडलो. "मी काय पळून चाललोय?" म्हणायचा. हट्टी माणूस.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं सगळं.

त्यातच कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीत कंपनीने काही बदल केले आणि आमचा प्रोग्राम मुका झाला. दुरुस्ती तयार होती, मी स्वतः तपासली होती, पण सहीवाचून अडली. वेगळ्या सहीने नवा प्रोग्राम काढता आला असता. आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या एका टेलिफोन ऑपरेटरबाईंना मी फोनवर तसं सुचवलं. त्या जन्मापासून अंध. त्यांच्या ऑफिसात नवा प्रोग्राम टाकायला सक्त मनाई होती; जुन्याची सुधारलेली आवृत्ती तेवढी आपोआप यायची.

"साहेबांनी सोमवारपर्यंत थांबतो म्हटलंय," त्या म्हणाल्या. "नंतर माझ्या जागी दुसरी बसेल."

मी ते यंत्र लॅपटॉपला लावलं आणि लॅपटॉप दादाच्या पलंगावर ठेवला. तीनदा चुकलं की किल्ली कायमची पुसली जाणार, असा त्या यंत्राचा नियम. दादाला याचं भारी कौतुक होतं. त्याने डाव्या हाताने पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला, एकेक अक्षर न्याहाळत. पुन्हा चुकला. मला त्याचा इतका राग आला की माझीच मला लाज वाटली.

"आठवतोय ना?" मी विचारलं. त्याने जोरात होकारार्थी मान हलवली. पहिल्यांदाही अशीच हलवली होती.

वहिनी दारातून म्हणाली, "टाकू दे त्याला, नाहीतर नको टाकू देऊ. मला मात्र विचारू नका."

मी लॅपटॉप पुढे सरकवला. दादाने दोन अक्षरं दाबली, थांबला, पुसली. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मग यंत्र उपसून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजायला लागला. त्यांना काय सांगू, असं मी सवयीने दादालाच विचारलं.