प्रत्येक शब्दाला एक कार्ड

उत्तरपत्रिकेच्या पाचव्या पानावर एका जागी कागद खोडरबरानं इतका झिजला होता, की मागच्या पानावरची निळी रेघ त्यातून दिसत होती. जागा साधारण दीड सेंटिमीटर रुंद. तिथे पेन्सिलीनं काहीतरी तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं आणि शेवटी उत्तर रिकामंच सोडलं होतं. प्रश्न पाण्याच्या उत्कलनबिंदूचा होता आणि त्याची सुरुवात 'अकाउंट फॉर', म्हणजे 'कारण सांगा', या दोन शब्दांनी होत होती.

मी वाशीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवते. उत्तरपत्रिका जाईची होती, पंचवीसपैकी नऊ गुण. मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि तोच प्रश्न मराठीत विचारला. तिनं उभ्या उभ्या हायड्रोजन बंध बोटांनी दाखवत पूर्ण उत्तर दिलं. मग लिहिलं का नाहीस, असं विचारल्यावर म्हणाली, कोणाचं अकाउंट ते कळेना.

ती दहावीपर्यंत कोपरखैरणे गावातल्या मराठी शाळेत होती. चौऱ्याण्णव टक्के. शास्त्रातल्या अवघड संज्ञा तिनं अकरावीत आल्यावर महिन्याभरात पाठ केल्या होत्या, त्यांना एकच अर्थ असतो. तिला अडवत होते ते साधे शब्द. स्टेट म्हणजे राज्य, मग 'स्टेट द लॉ' म्हणजे काय? चार्ज मोबाइलला करतात, रिक्षावाला वेगळा लावतो, आणि अणूवर असतो तो कुठला?

आमच्या प्रयोगशाळेत कुठलीही बाटली उघडली की तिच्यावर तारीख आणि उघडणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी तिला तसंच करायला सांगितलं. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. शब्द कुठे दिसला किंवा कोणाच्या तोंडून ऐकला, कधी, आणि तिथे त्याचा अर्थ काय होता. शब्दकोशातून उतरवायचं नाही, आढळलेलं तेवढंच लिहायचं. दर शनिवारी बाराला ती कार्डं घेऊन यायची.

डिसेंबरपर्यंत एकशे चाळीस कार्डं झाली. 'पार्टी'च्या कार्डावर पहिली नोंद काकाची होती, जागेला गिऱ्हाईक आलं की तो पार्टी आली म्हणतो. दुसरी निवडणुकीची, तिसरी वाढदिवसाची. 'प्लॉट'च्या कार्डावर आधी सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांतला, आजीच्या नावाचा. मग आलेखाचा, माझ्या वर्गात, सहा ऑक्टोबर. मग इंग्रजीच्या तासाला कथेचा. त्या तिसऱ्या नोंदीखाली तिनं बारीक अक्षरात अकरा ओळी लिहिल्या होत्या, जमिनीचा तुकडा आणि गोष्टीतल्या घटना एकाच शब्दात कशा राहत असतील याबद्दल. आलेखाला अर्धी ओळ होती.

दुसऱ्या चाचणीत तिला पंचवीसपैकी सतरा गुण मिळाले. मला समाधान वाटलं. अकरा ओळी आणि अर्धी ओळ हा फरक मला दिसत होता, पण मी गुणच मोजत राहिले.

तिच्या घरी मी पहिल्यांदा जानेवारीत गेले, हळदीकुंकवाला. गल्लीच्या तोंडाशी दहावीच्या निकालानंतर लावलेला फ्लेक्स अजून होता. जाईचा फोटो, टक्के, आणि खाली 'आमच्या गावची भावी डॉक्टर'. उन्हानं रंग उडाला होता तरी काढायला कोणी धजावत नव्हतं. त्यांच्या आळीत डॉक्टर झालेलं अजून कोणी नाही. काका रणजीत तिला डॉक्टरीनबाय म्हणायचा आणि दंड पुढे करून बीपी बघायला सांगायचा. आजी सत्यभामाबाईंनी दुखरा गुडघा जाईलाच दाखवायचा म्हणून राखून ठेवला होता. वडील वामनदादा एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गाळ्यावर असत. ते मला म्हणाले, "पोरीला येतं सगलं, पन पेपरान लिवत नव्हती. तुमी लिवती केली."

मला सोडायला जाई स्टेशनापर्यंत आली. वाटेत, फ्लेक्स मागे पडल्यावर, तिनं सांगितलं की तिला सायन्स नको आहे. तिला भाषा शिकायची आहे. शब्द असे का वागतात ते शिकवणारा विषय असतो, हे तिनं शोधून काढलं होतं. त्यासाठी बारावीला आर्ट्सला जायचं होतं आणि शाखा बदलायचा अर्ज निकालानंतर करता येतो, तेही कॉलेजच्या ऑफिसात विचारून झालं होतं.

मी तिला घरी सांग म्हटलं.

"आत्ता सांगितलं तर म्हणतील जमलं नाही म्हणून पळाली," ती म्हणाली. "आधी पास होते, मॅडम. चांगली पास होते. मग सांगते."

मला ते पटलं. प्रयोग अर्धवट सोडून काढलेल्या निष्कर्षाला किंमत नसते. मी कोणाला काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये निकाल लागला. रसायनशास्त्रात एकोणऐंशी, एकूण ब्याऐंशी टक्के. मी विचारलं, सांगितलंस? म्हणाली, जत्रा होऊ दे. जत्रा झाली. मग म्हणाली, रणजीतकाकाच्या मुलीचं लग्न होऊ दे. लग्नही झालं. शाखा बदलायच्या अर्जाची मुदत मेच्या अखेरीस संपत होती आणि अर्जावर पालकांची सही लागत होती.

मेच्या तिसऱ्या रविवारी वामनदादांनी मला जेवायला बोलावलं. जाईच्या आईनं केलेलं कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. आजीनं मला बजावलं की सानपाड्याच्या फ्लॅटमधल्या बायकांसारखं चिमणीएवढं जेवू नका. काकानं विचारलं, डॉक्टरीनबायला पहिलं इंजेक्शन कोणाला द्यायला शिकवणार, मी नाय बसत. सगळे हसले. जाई भाकरीचा तुकडा हातात धरून बसली होती.

हात धुतल्यावर वामनदादांनी कपाटातून एक पिशवी आणली. आत मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासचा फॉर्म होता, चार पानी, सगळा इंग्रजीत. दोन रविवार रांगेत उभं राहून त्यांनी तो मिळवला होता. तो माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले की तुमच्याच हातानं भरला जावा, पोरीला तुमचा हात लाभला आहे.

मी पेन उघडलं. नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढचा रकाना विद्यार्थ्यानं निवडलेल्या अभ्यासक्रमाचा होता. माझं पेन तिथे थांबलं. माझ्याकडे खरं उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. मी जाईकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे काय लिहू?"

वामनदादा म्हणाले, "लिवा ना, डॉक्टरकीचा."

मी लिहिलं नाही. पेन कागदापासून बोटभर वर धरून बसले. आजीनं जाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काका मोबाइलमध्ये बघत होता, तोही थांबला. बाहेर कोणीतरी पाण्याची मोटार लावली.

"मॅडमनी विचारलाय, बोल," वामनदादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते वाट बघत होते.

जाईनं ओढणीला हात पुसले, जरी ते धुतलेलेच होते. ती आईकडे किंवा आजीकडे वळली नाही, वडिलांकडेच बघत होती.

"बाबा, मी सायन्सला पास झाले, ब्याऐंशी टक्के पडले," ती म्हणाली. "मना जमत नाय म्हनून नाय सांगत. मना डॉक्टर नाय व्हायाचा. मी बारावीला आर्ट्सला जानार."