कमरेइतका उंच वाफा

शिवणाचा पांढरा दोरा. दोन्ही टोकांना गाठी.

खोक्याची फळी. तिच्यावर इंग्रजीत ‘सांभाळून उतरवा’.

मेथी तीनदा मेली.

रत्नागिरीच्या पावसात मुळं कुजू नयेत म्हणून इद्रीसची आई मिरचीचे वाफे उंच करायची.

दुबई, १९६४. इद्रीस देरा भागातल्या गोदामात सुतार होता. खोलीमागे पाणी शिंपलं की दुसऱ्या दिवशी जमिनीवर मिठाचा थर यायचा. आईला पाणी खाली जायला हवं होतं. त्याला मीठ वर यायला नको होतं. उपाय एकच. माती उचलून धरायची.

मोडक्या खोक्यांच्या फळ्यांची त्याने पेटी ठोकली. तळाला भोकं. रास अल खैमाच्या ट्रकवाल्याकडून बिनखारी माती. मग चार पाय.

“मिस्त्री, वाफा आहे का जनाजा?” खोलीतला सोबती जमाल हसला. तो गोदामाचा स्टोअरकीपर. “एवढा उंच कशाला?”

“रुकय्या येतेय. तिला वाकवत नाही. उभ्याउभ्या भाजी खुडेल.”

“भाभीची हाइट पाठ आहे वाटतं!”

“चार वर्षं झाली, जमाल. नाही राहत ध्यानात.” इद्रीसने खिशातून दोरा काढला. “पत्र टाकून माप मागवलं. टाच ते कंबर. बिलकीसने पाठवलं.”

बिलकीस त्याची मुलगी. बारा वर्षांची.

दोरा वाफ्याच्या पायाला लावला, तिथे पेन्सिलीची खूण केली, करवत चालवली.

“खलास,” तो म्हणाला.

मेथी या वेळी जगली. इद्रीस ताडमाड, पाणी घालताना त्याला वाकावं लागे.

जानेवारीच्या आगबोटीतून रुकय्याचा भाऊ मोहिद्दीन एकटाच उतरला. इद्रीस त्याच्या मागे शिडीकडे बघत राहिला. शिडीवरून माणसं येत होती, मग हमाल, मग कोणीच नाही.

“भावजी, चला,” मोहिद्दीन म्हणाला. “आपाचा चाळीसावा दिवसही झाला. पत्रात कसं लिहायचं?” त्याने मेथीदाण्यांची पुरचुंडी पुढे केली. “आपाने बांधून ठेवली होती.”

आठवड्याने जमालने चार लाकडी ठोकळे आणून ठेवले.

“पायांखाली घालूया, मिस्त्री. तुझ्यापुरता उंच होईल. पाठ जाईल अशाने तुझी.”

“नको.”

“अरे, पण आता...”

“मापाचा आहे तो.”

त्याने पुरचुंडी सोडली आणि वाकून दाणे पेरले.

दोऱ्याने माप घेतलं तेव्हा रुकय्या महिनाभरापासून अंथरुणाला खिळलेली होती. बिलकीसने तो तिच्या निजलेल्या अंगावरच धरला होता.