सुईची रेघ

मित्रांनो, औषधाच्या बाटलीवर पालथा बसवलेला प्लॅस्टिकचा इवलासा पेला तुम्ही पाहिला असेल. मी तसल्याच पेल्यांपैकी एक. माझी बाटली केव्हाच फेकली गेली, मी मात्र अजून औषधांच्या डब्यात आहे. हेच माझे दुर्दैव.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर बारीक रेघा आणि आकडे होते. मला त्यांचा फार अभिमान वाटे. मी एका शिंप्याच्या घरी आलो. त्याच्या थोरल्या मुलाला गाडीत बसले की उलट्या व्हायच्या. मुलाची आई मला भांड्यांबरोबर खसाखसा घासायची. तिच्या स्वच्छतेपुढे माझ्या रेघा टिकल्या नाहीत. शेवटी तिने सुई तापवली आणि डॉक्टरांनी सांगितले होते तेवढ्यावर एक रेघ ओढली.

"आता चुकू म्हटलं तरी चुकायचं नाही," ती म्हणाली.

"मापं घेणारा मी, आणि खुणा करतेस तू! उद्या दुकानात येऊन बस," शिंपी हसला.

थोरला तेव्हा दहा वर्षांचा होता, अंगाने चांगला भरलेला. एवढे लक्षात ठेवा.

पुढे धाकटी झाली. सगळे तिला पिटुकली म्हणत. ती नीट बोलायला लागायच्या आतच तिची आई आजारी पडली आणि गेली. घरात शिलाईयंत्राचा आवाज तेवढा उरला.

एका दुपारी पिटुकलीला उलट्या सुरू झाल्या. शिंप्याने तिला डॉक्टरांना दाखवून औषध आणले. औषधाच्या दुकानदाराने बजावले होते, "पहिल्या रेघेपर्यंतच द्या. मनाने परत देऊ नका. पाणी मात्र घोटघोट पाजत राहा." नव्या बाटलीवर नवा पेला होता. शिंप्याने तो बाजूला ठेवला आणि डब्यातून मला काढले. सुईच्या रेघेवरून त्याने अंगठा फिरवला.

"बाबा, नवा पेला आहे ना?" थोरल्याने विचारले.

"असू दे. तुझ्या आईची खूण आहे ही. ती कधी चुकली नाही."

ती खरेच चुकली नव्हती. पण ती रेघ थोरल्याची होती. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. औषध रेघेपर्यंत चढले. पिटुकलीने शहाण्यासारखा आ केला.

थोड्या वेळाने ती ओकली. "सगळं औषध पडलं वाटतं," असे म्हणत शिंप्याने मला पुन्हा भरले. कुणाला विचारले नाही.

उलट्या थांबल्या. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्या शांततेची भीती वाटत होती. संध्याकाळी पिटुकलीची मान एका बाजूला वळली ती वळलीच. जबडा आवळला. डोळे वर चढले.

"पिटू, इकडे बघ. बघ ना गं माझ्याकडे!"

तिला बघता येत नव्हते.

शिंपी तिला उचलून दवाखान्यात धावला. बाटली आणि मी थोरल्याच्या मुठीत होतो. डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरले. "ही रेघ कुणासाठी?"

"माझ्यासाठी," थोरला हळूच म्हणाला.

इंजेक्शनने मान सुटली, तेव्हा कुठे बाई शिंप्याकडे वळल्या. "थोरल्याच्या मापाचा सदरा हिला शिवाल का हो तुम्ही? औषध मुलाच्या वजनावर असतं. आणि ओकली तर आधी विचारायचं, मग द्यायचं."

त्यानंतर शिंपी मला कचऱ्याच्या डब्यापर्यंत घेऊन गेला. पण ती रेघ अंगठ्याला लागली आणि त्याची मूठ उघडेना. मी परत आलो.

मित्रांनो, ज्या बाटलीचा पेला, त्याच बाटलीला वापरा. बाटलीवरचे नाव वाचा. एकाचे उरलेले औषध दुसऱ्याला देऊ नका. आणि माझ्यासारख्याला, कितीही माया असली तरी, घरात ठेवू नका.

आज शिंपी दुकानात आहे. नवा पेला पिटुकलीने बाहुलीसाठी कुठेतरी नेला आहे. आतल्या खोलीत ती ओकते आहे. तिला सांभाळायला आलेल्या शेजारच्या मावशी औषधाची बाटली हातात घेऊन पेल्यासाठी कपाट धुंडाळत आहेत. डब्याचे झाकण उघडते आहे.

"सापडला गं बाई! खूणसुद्धा केलेली आहे यावर. थांब हं राणी, आत्ता देते."